टेबलावर बरोबर, चाळीत चूक: एलएम३५ आणि डीएस१८बी२० लांब वायरवर लावताना

प्रश्न थोडक्यात असा: नाशिककडच्या कांदा चाळीत ढिगाचं तापमान मोजायचं आहे. हाताशी आर्डुइनो उनो (कोड घालून चालवायचा छोटा बोर्ड), चार एलएम३५ (तापमान व्होल्टेजच्या रूपात देणारे, म्हणजे ॲनालॉग सेन्सर) आणि स्टीलच्या नळीतले सहा डीएस१८बी२० (तापमान आकड्यात पाठवणारे, म्हणजे डिजिटल सेन्सर) आहेत. घरी टेबलावर सगळ्यांचे आकडे जुळत होते. चाळीत पंधरा-पंधरा मीटर वायर टाकली, पंखा चालवायला पलीकडच्या टोकाला रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) बसवला, आणि आता एलएम३५ कधी ३४ तर कधी ४२ दाखवतात. डीएस१८बी२० मध्येच ८५ किंवा उणे १२७ सांगतात. सेन्सर खराब निघाले का? ॲनालॉग सोडून सगळे डिजिटलच घ्यावेत का?

सेन्सर फेकू नका. दहाच्या दहा एकदम खराब निघत नाहीत, आणि तुम्ही दिलेले आकडेच सांगतात की दुखणं वायरिंगमध्ये आहे. ३४ चं ४२ होणं, ८५ येणं आणि उणे १२७ येणं हे तीन वेगळे आजार आहेत. एकेक बघू.

आधी एलएम३५. हा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. ३४ अंशाला ३४० मिलिव्होल्ट. म्हणजे वाटेत कुठेही १० मिलिव्होल्टची भेसळ झाली की तुमचा एक अंश गेला. भेसळ करणारा तुमच्याकडे रिले आहे. बाजारात मिळणाऱ्या निळ्या ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर खाते. पंधरा मीटर बारीक वायर, समजा ०.२२ चौरस मिलिमीटरची, तिचा एका बाजूचा रोध १.२ ओहमच्या आसपास भरतो. रिलेची आणि सेन्सरची ग्राउंड वायर (वीज परत नेणारी, शून्य व्होल्टची) एकच असेल तर रिले लागताक्षणी त्या वायरवर १.२ गुणिले ७०, म्हणजे ८४ मिलिव्होल्ट पडतात. सेन्सरचं ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडपेक्षा ८४ मिलिव्होल्टने वर उचललं जातं, आणि बोर्डाला दिसतात सव्वाआठ-साडेआठ अंश जास्त. ३४ चे ४२ झाले की नाही? तुमची वायर नेमकी किती जाड आहे ते मला माहीत नाही, पण फरक इतका जुळतो की मी पैज लावायला तयार आहे. पंखा सुरू असतानाच आकडा चढतो का, एवढं बघा. चढत असेल तर रिलेला बोर्डाच्या पेटीपासून स्वतंत्र जोडवायर द्या, किंवा सरळ रिले पेटीतच ठेवा आणि पंख्याची २३० व्होल्टची वायर तिथपर्यंत आणा. मी दुसरा मार्ग घेईन. मात्र ती वायर सेन्सरच्या वायरींपासून हातभर लांब ठेवा, शेजारीशेजारी बांधू नका.

एलएम३५ चं दुसरं दुखणं लोकांना माहीत नसतं. त्याला आउटपुटवर फार कपॅसिटन्स (वायरीची विद्युतभार साठवण्याची क्षमता) सोसत नाही. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, ५० पिकोफॅराडची मर्यादा दिली आहे, आणि साध्या केबलच्या एकेका मीटरलाच तेवढे किंवा जास्त पिकोफॅराड असतात. पंधरा मीटर म्हणजे मर्यादेच्या कितीतरी पलीकडे. मग सेन्सर स्वतःच थरथरू लागतो आणि पंखा बंद असतानाही आकडे नाचतात. उपाय एक रुपयाचा आहे: आउटपुटच्या पायाला अगदी लागून २ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत सोल्डर करा आणि वायर त्याच्या पुढून न्या. बोर्डाच्या टोकाला ॲनालॉग पिन आणि ग्राउंडमध्ये १ मायक्रोफॅराड कपॅसिटर लावा. रेझिस्टर सेन्सरकडेच हवा. बोर्डाकडे लावला तर केबलचा भार सेन्सरच्या डोक्यावर तसाच राहतो.

तिसरं, संदर्भ व्होल्टेज, म्हणजे बोर्ड ज्याच्याशी ताडून मोजतो ते. उनो ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी ४.८८ मिलिव्होल्ट, जवळजवळ अर्धा अंश. हे चालूनही जाईल, पण ते ५ व्होल्ट खरोखर ५ असतात कुठे? मोबाइलच्या चार्जरवर, लांब यूएसबी केबलने, भार पडल्यावर ४.७ होणं अगदी सहज. तेव्हा ३० अंशाचे ३०० मिलिव्होल्ट बोर्ड ६५ पायऱ्या मोजतो, आणि तुमचा कोड ५ व्होल्ट धरून त्याचे ३१.७ करतो. म्हणून एलएम३५ साठी उनोचा आतला १.१ व्होल्टचा संदर्भ वापरा. एक पायरी साधारण ०.१ अंशाची होते, आणि मोजता येतं ११० अंशापर्यंत. चाळीला पुरून उरेल. हे १.१ चिपगणिक १.० ते १.२ च्या दरम्यान बदलतं, पण एकाच चिपवर स्थिर राहतं. एकदा आतला संदर्भ चालू करून एआरईएफ (संदर्भ व्होल्टेजच्या) पिनवर मल्टिमीटरने मोजा आणि जो आकडा येईल तोच कोडमध्ये घाला. त्या पिनला बाहेरून काही जोडू नका; आतला संदर्भ चालू असताना तिथे ३.३ व्होल्ट लावलेला एक बोर्ड माझ्या खणात अजून आहे, आठवण म्हणून. संदर्भ बदलल्यावरची पहिली काही वाचनं टाकून द्यायची, आणि एका पिनवरून दुसऱ्या पिनवर गेल्यावरचं पहिलं वाचनही.

सरासरीबद्दलही बोलतो, कारण आकडे नाचले की सगळे आधी तिकडेच धावतात. शंभर वाचनांची सरासरी काढलीत तर नाच थांबेल, पण ८४ मिलिव्होल्टची चूक तशीच राहील, फक्त आता ती ठाम दिसेल. आधी वायर, मग सरासरी.

आता डीएस१८बी२०. हा डॅलस सेमीकंडक्टरचा जुना गडी. कंपनी आधी मॅक्सिमकडे गेली आणि २०२१ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसकडे, तरी बाजारात त्याला अजून डॅलसचा सेन्सरच म्हणतात. तापमान तो आतल्या आतच मोजतो आणि आकडा करून पाठवतो, त्यामुळे वाटेतले ८४ मिलिव्होल्ट त्याचं काही बिघडवत नाहीत. उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाच्या अचूकतेची हमी असते. १२ बिटवर एक पायरी ०.०६२५ अंशाची. २५ अंशाच्या थोडं वर असताना तो ४०१ हा आकडा पाठवतो, त्याला ०.०६२५ ने गुणलं की २५.०६२५.

८५ हा आकडा योगायोगाने येत नाही. वीज मिळाल्याबरोबर या चिपच्या स्मृतीत ८५ भरलेले असतात. मोजणी पूर्ण झाली की ते पुसून खरा आकडा बसतो. तेव्हा तुम्हाला ८५ मिळाले, याचे दोनच अर्थ. एक तर १२ बिटला लागणारे ७५० मिलिसेकंद थांबण्याआधी तुम्ही वाचलंत. नाहीतर मोजणी आणि वाचन यांच्या मधे चिपची वीज क्षणभर गेली आणि ती नव्याने सुरू झाली. तुमचं टेबलावर सगळं नीट चालत होतं, म्हणजे कोडमध्ये थांबणं आहे. राहिली वीज. सहा सेन्सर मिळून मोजताना जेमतेम ९ मिलिअँपिअर घेतात, त्याने वायर दमत नाही. संशय सैल स्क्रू टर्मिनलवर, पीळ मारून टेप गुंडाळलेल्या जोडावर, आणि पुन्हा त्या रिलेवर, कारण तो लागताना ५ व्होल्ट खाली ओढतो. जोड सोल्डर करा, प्रत्येक सेन्सरजवळ वीज आणि ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅराड कपॅसिटर टाका. आणि तीन वायरी वापरा. दोन वायरींवर, डेटामधूनच वीज चोरून चालवण्याची सोय या चिपमध्ये आहे, पण अनेक नकली चिपा त्या पद्धतीत अडखळतात, आणि नकली डीएस१८बी२० बाजारात भरपूर आहेत.

उणे १२७ मात्र चिप पाठवतच नाही. ती आर्डुइनोच्या लायब्ररीची (सेन्सर वाचणाऱ्या तयार कोडची) खूण आहे: उत्तर आलं नाही, किंवा आलं ते तपासणीत बाद झालं. म्हणजे गडबड डेटा वायरची. माझा साधा हिशोब असा: ८५ आले की लाल, म्हणजे विजेची वायर बघा, उणे १२७ आले की पिवळी, म्हणजे डेटाची. दहातल्या आठ वेळा तिथेच सापडतं. फक्त नळीवाल्या सेन्सरांचे रंग प्रत्येक बनावटीत सारखे असतीलच असं नाही. पिवळी डेटाची हे गृहीत धरण्याआधी मल्टिमीटर लावा.

डेटा वायरला विजेकडे खेचणारा ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो. एक म्हणजे पूर्ण लाइनीला एक, बोर्डाच्या टोकाला. इथे एक फसवणूक होते. किटमध्ये या सेन्सरसोबत छोटी हिरवी किंवा निळी पट्टी येते, तिच्यावर हा रेझिस्टर आधीच बसवलेला असतो. सहाही सेन्सर आपापल्या पट्टीसकट लावले तर सहा रेझिस्टर समांतर होतात आणि ४.७ किलोचे ७८३ ओहम उरतात. ५ व्होल्टला ते साडेसहा मिलिअँपिअर मागतात. डीएस१८बी२० ची खाली खेचायची ताकद ४ मिलिअँपिअरची. म्हणजे चिप शून्य म्हणू पाहते आणि वायर पुरती खाली येतच नाही. टेबलावर एकेक करून तपासलेत तेव्हा प्रत्येक ठीक होता, यात नवल नाही. पाच पट्ट्यांवरचे रेझिस्टर काढून टाका. उलट बाजूने, लांब केबलवर ४.७ किलो ढिला पडतो, सिग्नल वर चढायला उशीर करतो, तेव्हा २.२ किलो लावून बघा. ५ व्होल्टवर १.५ किलोच्या खाली जाऊ नका.

वायर टाकायची पद्धत याहून महत्त्वाची. पेटीतून सहा दिशांना सहा वायरी काढल्या असाल तर ते सगळ्यांत वाईट. या प्रकाराला एकच वायर आवडते, चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली, आणि तिला जागोजागी लहान फांद्या, हातभर लांबीच्या. द्राक्षाच्या ओळीतल्या ठिबकच्या नळीसारखी. नेटवर्कची लॅन केबल यासाठी उत्तम आणि स्वस्त: एका जोडीत डेटा आणि ग्राउंड, दुसऱ्या जोडीत ५ व्होल्ट आणि पुन्हा ग्राउंड. डेटाला त्याचंच ग्राउंड पिळलेलं असलं की बाहेरचा खडखडाट बराच कमी शिरतो.

प्रत्येक चिपला जन्मतः ६४ बिटचा पत्ता असतो. लायब्ररी पहिला, दुसरा, तिसरा असं मोजू देते, आणि सगळे तसंच करतात, आणि सगळे फसतात. क्रम पत्त्यावरून लागतो, वायरवरच्या जागेवरून नाही. एक सेन्सर बदललात की कालचा तिसरा आज चौथा होऊ शकतो, आणि आग्नेय कोपरा तापला म्हणून तुम्ही वायव्य कोपरा उपसत बसता. टेबलावर असतानाच एकेक लावून पत्ता वाचा, मार्करने केबलवर क्रमांक टाका, आणि कोडमध्ये पत्त्यानेच बोलवा. मोजायचा आदेश मात्र सगळ्यांना एकदम द्या. एकेकाला सांगून थांबलात तर सहांना साडेचार सेकंद, एकदम सांगितलं तर पाऊण सेकंद.

एक धोका हातात घेताना. काळ्या तीन पायांच्या रूपात हे दोन्ही सेन्सर जुळ्या भावांसारखे दिसतात. सपाट, अक्षरं असलेली बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर एलएम३५ मध्ये डावीकडून वीज, आउटपुट, ग्राउंड. डीएस१८बी२० मध्ये डावीकडून ग्राउंड, डेटा, वीज. बरोब्बर उलटं. एकाच्या जागी दुसरा खोचला की तो सेकंदात भाजतो. मी वाचन का येत नाही म्हणून बोट लावून पाहिलं होतं. फोड आठवडाभर राहिला. (सेन्सर जगला. बोट आणि सेन्सर यांत कोण कणखर, हे तेव्हा कळलं.)

तुमच्या यादीत नाही, पण कोणीतरी सुचवेलच म्हणून थर्मिस्टर, म्हणजे तापमानागणिक रोध बदलणारा मणी. १० किलोओहमचा, २५ अंशाला १० किलो असणारा मणी सगळ्यांत स्वस्त. वर १० किलोचा चांगला, एक टक्क्याचा रेझिस्टर, खाली थर्मिस्टर, मधून ॲनालॉग पिन. याची गंमत अशी की संदर्भ म्हणून बोर्डाचे तेच ५ व्होल्ट ठेवले तर वीज ४.७ झाली तरी फरक पडत नाही, वर आणि खाली दोन्ही सारखेच घटतात. म्हणून याच्यासाठी १.१ चा संदर्भ वापरायचा नाही, आणि एकाच बोर्डावर एलएम३५ बरोबर मिसळायचा असेल तर वर सांगितलेली वाचनं टाकून देण्याची काळजी दुप्पट घ्यायची. पाकिटावरचा बीटा आकडा (तापमानागणिक रोध किती बदलतो ते सांगणारा) नीट बघा. ३९५० चा मणी आणि कोडमध्ये कुठूनतरी उचललेला ३४३५, हे फार दिसतं. २५ अंशाला काहीच चुकत नाही, ३५ ला तो साडेछत्तीस दाखवतो, आणि आपण उन्हाळ्याला दोष देतो. शिवाय ५ व्होल्ट सतत लावून ठेवले तर मणी स्वतःच्याच विजेने स्थिर हवेत पाव ते अर्धा अंश तापतो. एका डिजिटल पिनमधून, वाचण्यापुरतीच वीज द्या.

मग ॲनालॉग की डिजिटल? तुमच्या चाळीत, या अंतरावर, रिले आणि पंखा असताना, ढिगात डीएस१८बी२० च. एलएम३५ वाईट नाही, तो पेटीपासून हातभर अंतरात शहाण्यासारखा वागतो. चारपैकी एक पेटीच्या बाहेर सावलीत लावा, बाकी जपून ठेवा. पेटीच्या आत मात्र नको. बोर्डावरचा रेग्युलेटर तापतो, आणि मी एकदा त्याच्या शेजारी सेन्सर ठेवून दोन दिवस खोलीचं तापमान चार अंश जास्त लिहून ठेवलं होतं. पुढे वायफायसाठी ईएसपी३२ या बोर्डावर जायचं मनात असेल तर हा निर्णय आणखी पक्का होतो. एलएम३५ ला किमान ४ व्होल्ट लागतात, आणि ईएसपी३२ चं ॲनालॉग वाचन शंभरेक मिलिव्होल्टच्या खाली भरवशाचं नसतं. डीएस१८बी२० ३.३ व्होल्टवर मजेत चालतो, फक्त खेचणारा रेझिस्टर ५ ला नाही, ३.३ ला बांधायचा. ॲनालॉग ठेवायचाच हट्ट असेल तर एडीएस१११५ (ॲनालॉग व्होल्टेजचा आकडा करणारी वेगळी चिप) घ्या आणि तो सेन्सरजवळ ठेवा.

लावण्याआधी सगळे एकत्र तपासा. थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी, ढवळत राहा, नळीवाले सहाही एकदम बुडवा, पाच मिनिटं थांबा. शून्यापासून जो तो जितका दूर तेवढा फरक त्याच्या पत्त्यासमोर लिहून कोडमध्ये वजा करा. एलएम३५ ला या परीक्षेला बसवू नका: साध्या जोडणीत तो सुमारे २ अंशाच्या खाली उतरू शकत नाही, उगीच नापास होईल. त्याला कोमट पाण्यात, पिशवीत बांधून, डीएसशी ताडून बघा. आणि उकळत्या पाण्याला १०० धरू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, तिथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. नळीवाल्या सेन्सरची केबलही त्या उष्णतेला मऊ पडते, त्यामुळे ही परीक्षा मी घेतच नाही.

ढिगात सेन्सर नुसता कांद्यांत खुपसू नका, उपसताना तुटतो. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपला खालचं एक-दीड वीत भोकं पाडा, सेन्सर तिथपर्यंत सोडा, वरचं तोंड चिंधीने बंद करा, नाहीतर पाइपातून वरची गरम हवा खाली उतरून तुम्हाला पत्र्याचं तापमान कळेल. नळीत केबल शिरते तिथे इपॉक्सी भरा. स्टील पाणी आत घेत नाही, ते तोंड घेतं, आणि पावसाळ्यात चाळीतल्या दमट हवेत महिन्याभरात आकडे विचित्र होऊ लागतात. केबल कंड्युटमधून न्या. उंदरांना लॅन केबल कांद्यापेक्षा जास्त आवडते.

राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस साध्या हवेशीर साठवणीला २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रतेची आहे. पण एप्रिल-मे मध्ये बाहेरच ४० असताना ३० च्या वर गेलं म्हणून भोंगा वाजवलात तर तो दिवसभर वाजेल आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी वायर उपटेल. भोंगा फरकावर लावा: सहापैकी एक जागा बाकीच्यांच्या मधल्या आकड्यापेक्षा दीड-दोन अंश वर जाऊन तशीच तासन्‌तास राहिली, तर तिथला कांदा हात घालून, वास घेऊन बघायचा. ढीग सावकाश तापतो, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद पुरे. ८५ आणि उणे १२७ आले तर ते सरासरीत घेऊ नका, पण पुसूनही टाकू नका. कुठल्या पत्त्यावर, किती वाजता आले ते वेगळं लिहून ठेवा. पंखा सुरू होण्याच्या वेळेशी ते जुळतात का, हे मला कळवा.